पंचविसाव्या हिश्श्याचे न्यायाधीश

१९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअर मोटारीची १:२५ प्रमाणातील प्रतिकृती एखाद्या गृहस्थाने रात्री जागून, प्लास्टिकचे बारीक तुकडे श्वास रोखून चिकटवीत सिद्ध करावी, आणि प्रदर्शनाच्या मेजावर ती हजर होताच एका महाशयांनी खिशातले भिंग काढून तिचा पंचनामा आरंभावा, हा या छंदाचा अलिखित दस्तूरच होय. इंजिनाचा नारिंगी रंग किंचित फिका, छताची उतरण अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली, आणि स्पार्क प्लगची तार, जी मूळ मोटारीत ७ मिलिमीटर जाड असल्यामुळे येथे ०.२८ मिलिमीटरच असावयास हवी, ती केवळ दोरखंड, अशी कलमे ते लावतात. हिशेब बिनचूक आहे. परंतु त्याच हिशेबाने प्रतिकृतीवरचा ०.१ मिलिमीटरचा रंगलेप मूळ मोटारीवर अडीच मिलिमीटर भरतो, सबब रंगविलेली प्रत्येक प्रतिकृती जन्मतःच गुन्हेगार ठरते, याची नोंद महाशयांच्या दफ्तरी नसते. (त्यांच्या स्वतःच्या प्रतिकृती बहुधा अद्याप खोक्यातच असतात.) अशा प्रसंगी वाचकांनी वादात न शिरता, महाशयांनी पुढील प्रदर्शनास आपली मोटार रुजू करावी, अशी त्यांना सविनय विनंती करावी, भिंग आपण घेऊन जावे.