पाहुणा बघून हॉटेल

सोलापुरात पाहुण्याला कुठं जेवू घालायचं, याचे नियम पक्के आहेत. व्याही आले तर एसी हॉटेल. पनीर कसंही असो, बिलाचा आकडा त्यांना दिसला पाहिजे. जावयाला सावजी मटण. नाकातोंडातून पाणी येत असताना ‘तिखट नाही’ म्हणाला, की पोरगी चांगल्या घरात पडली. साहेबांना थंडीत शेतावर हुरडा, म्हणजे बदलीचा विषय हळूच काढता येतो. मित्राला पार्क चौपाटी, तीही त्याच्याच खर्चानं. आणि ज्यासाठी पाहुणा खरा आलेला असतो, ती कडक भाकरी नि शेंगाचटणी? ती निघताना पिशवीत कोंबायची. तेव्हा पाहुणेहो, हॉटेल विचारूच नका. सरळ घरी जेवायला बसा.