लाल रिफिलचे सर

वरूडच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर रोज संध्याकाळी आमचे एक रिटायर्ड मराठीचे सर बसलेले असतात. हे वाक्य त्यांच्या हाती लागलं, तर 'बसलेले असतात'वर लाल काट मारून ते वर लिहितील, 'बसतात'. खिशात दोन पेन. निळा स्वतःच्या हिशोबाचा, लाल गावाच्या.

असे सर गावोगावी सापडतात. कोणी ऱ्हस्व-दीर्घ धरतं, कोणी अनुस्वार. आमच्या सरांचं वैर 'करणे' आणि 'होणे' या दोन आळशांशी. 'आगमन झाले' म्हणजे आले. 'भोजन केले' म्हणजे जेवले. 'वृक्षारोपण करण्यात आले' म्हणजे झाड लावलं. पण कोणी लावलं, असं विचारलं की कार्यक्रमातली अर्धी माणसं पांगतात. खरी गोम इथंच आहे. दमदार क्रियापद आलं की ते कर्ता मागतं. 'करण्यात आले' ही मात्र अशी गोधडी, की तिच्याखाली अख्खी कमिटी झोपते.

पुराव्याला सर रिद्धपूर काढतात. शेजारच्या मोर्शी तालुक्यात, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. त्यातली माणसं येतात, बसतात, पुसतात, जेवतात. "आता तिथं मराठीचं विद्यापीठही आलं," सर म्हणतात, "नोटीस लिहिणारा तेवढा यायचा आहे."

छापखानेवाला त्यांना पाहून शटर ओढतो. एका लग्नपत्रिकेत 'विवाह संपन्न होत आहे' खोडून सरांनी 'आम्ही लग्न लावतो' केलं, तेव्हा नवरदेवाचा बाप भडकला : "लग्न महाराज लावतात. आमी फक्त पैसे लावतो!" सर खूश. दोन्ही क्रियापदं दमदार होती.

वऱ्हाडीपुढे मात्र ते हरतात. 'पाऊस येऊन राह्यला' यातला 'राह्यला' फुकट खातो, असं त्यांचं मत. शेतकऱ्याला विचारा. 'पाऊस येतो' म्हणजे मृगात येतो, कधीतरी येतो. 'येऊन राह्यला' म्हणजे आत्ता, डोक्यावर, अन् पोतं उघडं आहे, पळ. शिवाय घरातून काकूंचा आवाज आला, "काय करून राह्यले जी?" की सर निमूटपणे म्हणतात, "येऊन राह्यलो."

वावराच्या भाषेत त्यांचा जीव रमतो. वखरणं, डवरणं, निंदणं, सोंगणं : एका शब्दात दिवसभराचं काम. आंबिया बहारासाठी डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात, झाड ताणावर सोडतात, जानेवारीत ताण तोडतात. तोडलेलं पुन्हा तोडून जोडणारी अशी भाषा दुसरी नाही, असं सर म्हणतात. मला ते पटतं. जलपुरवठा खंडित करण्यात येतो तो फक्त नळाचा.

मागच्या आंबिया बहारात एक पोट्टा अर्ज घेऊन आला. 'माझ्या बगीच्यात मोठ्या प्रमाणावर फळगळ झालेली असून अतोनात नुकसान झालेले आहे.' सरांनी चहा निवायच्या आत दुरुस्त केलं : 'माझा संत्रा गळला. मी बुडालो.'

खिडकीतल्या बाबूनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "बुडाला? कोणत्या विहिरीत? अन् मंग उभा कोण आहे? हे पोलिसाइचं काम आहे बाप्पा."

अर्ज शेरा घेऊन परतला : 'सदर अर्ज परत करण्यात येत आहे.' सरांनी शेऱ्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला. 'कोण?'

पोट्टा कागदाकडे पाहतच राहिला. "सर, आता मी काय करू?"

सर 'करू'वर अडले. "नेमकं क्रियापद सांग."

"रडू का हासू?"

"आता कसा बोलला!" म्हणत सरांनी दोन चहा सांगितले.