अडचणीवरही प्रीमियम

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ६४ (ब) हे कलम होतं. नियम जसाच्या तसा लावल्याने एखाद्याची खरोखर कोंडी होत असेल, तर आयुक्तांनी लेखी परवानगीने मोजमापांत सूट द्यावी. मात्र आरोग्य, आग आणि इमारतीची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. कलम चांगलं होतं. पुढे काय झालं? इमारतीभोवती सोडायची जागा कमी सोडायची, तेवढ्या तुटीचा प्रीमियम भरायचा आणि सूट घ्यायची, हे बिल्डरांच्या अंगवळणी पडलं. अडचण तपासायची होती, तिथे चलन तपासलं जाऊ लागलं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही अडचणीचं कलम आहे.

सूट असूच नये, असं मी म्हणत नाही. ती हवीच. पण ज्याच्याकडे प्रीमियमचे पैसे आहेत त्यालाच ती मिळणार असेल, तर दोन गुंठ्यांच्या मालकाने कुठे जायचं?

सूट कशी लिहावी, हे उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दाखवलं. जानेवारीत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, धुराने पूर्व उपनगरं कोंडली. फेब्रुवारीअखेर न्यायालयाने सांगितलं, कचऱ्याची नीट सोय होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका. पण पुनर्विकासाला त्या आदेशातच मोकळीक ठेवली. पडायला आलेल्या इमारतीतल्या भाडेकरूला कुणाची चिठ्ठी आणावी लागली नाही. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटी घालून सैल केली.

आराखड्याच्या नावाखाली होणारी अडवणूक वेगळी. मुंबईचा नवा आराखडा २०१५ मध्ये जाहीर झाला, त्याच वर्षी रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. नगररचना कायद्याच्या कलम ४६ नुसार परवानगी देताना मसुद्याचाही विचार करावा लागतो. म्हणजे एवढी वर्षं जुना आराखडाही मानायचा आणि नवा मसुदाही. उशीर सरकारचा, आणि घर थांबतं ते नागरिकाचं. इथे सूट मागणं ही याचना नाही, हक्क आहे.

नदीकाठी मात्र मी उलट बोलेन. निळ्या पूररेषेच्या आत घर बांधायला ‘विशेष बाब’ म्हणून परवानगी कुणालाही देऊ नये, प्लॉटवाला कितीही गरीब असला तरी. ती रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. अशा जागी परवानगी देणं म्हणजे त्याच्या मुलाबाळांना पाण्यात बसवणं. तिथे अडचणीचं उत्तर एकच: मोबदला किंवा दुसरी जागा, आणि तीही वेळेत.

आराखड्यातल्या आरक्षणाखाली जमीन अडकलेल्यासाठी नगररचना कायद्यातच वाट आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. जमीन आरक्षणामुळे आहे त्या स्थितीत धड कामाची राहिली नसेल, तर कलम ४९ खाली ‘ही जमीन विकत घ्या’ अशी नोटीस मालक सरकारवर बजावू शकतो. सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही, तर नोटीस मान्य झाली असं धरलं जातं. त्यानंतर वर्षभरात संपादनासाठी अर्जच झाला नाही, तर आरक्षण संपतं. मुदत आणि मुदत चुकवल्याचा परिणाम, दोन्ही कायद्यातच लिहिलेले आहेत. पण नगररचनेच्या खिडकीवर हे आपणहून सांगणारा कुणी भेटत नाही. तिथे ऐकू येतं, ‘वर विचारा.’

म्हणून मागणी साधी आहे. बांधकामाला स्थगिती देणाऱ्या प्रत्येक आदेशातच अडचणीची व्याख्या असावी: राहतं घर, एकुलता प्लॉट, मोडकळीस आलेलं छप्पर. अर्ज मराठीत, एका पानाचा आणि फुकट असावा. निर्णय साठ दिवसांत व्हावा, कारणांसह लेखी मिळावा. आणि कुणाला सूट मिळाली, कुणाला नाकारली, याची यादी दर महिन्याला कार्यालयाच्या दारावर लावावी.