फुकट विजेला एक्स्टेन्शन बोर्ड

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं यजमानपद कुठल्या शाळेने घ्यायचं, हे ठरवणारी बैठक फार वेळ चालत नाही. सुरुवातीला सगळे मुख्याध्यापक समोरच्या पोह्यांकडे एकाग्रतेने बघत असतात. मग गटशिक्षणाधिकारी साहेब सहज विचारल्यासारखं विचारतात, "तुमच्याकडे नवा हॉल झालाय ना?" आणि ज्याने हॉल बांधल्याचं पेपरात छापून आणलेलं असतं, तो सापडतो. शाळेत परत आल्यावर तो स्टाफरूमच्या दारात उभा राहून विज्ञानाच्या सरांकडे बघतो आणि अतिशय प्रेमाने हसतो. सर काय ते समजतात.

परिपत्रक त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतं. ते फार लांबून आलेलं असतं. दिल्लीत एनसीईआरटी त्या वर्षाचा मुख्य विषय आणि त्याखालचे उपविषय ठरवते, ते नागपूरला रविनगरातल्या राज्याच्या विज्ञान शिक्षण संस्थेत पोचतात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. एनसीईआरटीने मुलांचं पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन १९७१ साली दिल्लीत भरवलं. तेव्हापासून विषय बदलत आले आहेत. उपकरणं बदललीच पाहिजेत असं काही बंधन नाही. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी एका वर्षी 'वाहतूक आणि दळणवळण' या उपविषयात येतो, पुढच्या वर्षी 'आपत्ती व्यवस्थापना'त आणि त्याच्या पुढच्या वर्षी 'शाश्वत शेती'त. पिवळा रंग मात्र दर वर्षी नवा देतात.

मग समित्या नेमल्या जातात. पीटीचे सर शिस्तीला, चित्रकलेचे सर फलकलेखनाला आणि रांगोळीला. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चं लँडर चंद्रावर उतरलं, तेव्हापासून ते महाराष्ट्रातल्या शाळांच्या दारातही नियमितपणे उतरतं. मराठीचे सर सूत्रसंचालनाला, कारण त्यांच्याकडे चारोळ्यांचा साठा असतो. प्रस्तुत लेखकाला भोजन समिती मिळाली. त्याला विज्ञान येत नाही याबद्दल स्टाफमध्ये कधीच दुमत नव्हतं.

भोजन समितीचं एक बरं असतं. प्रश्न एकच, आणि तो आचारी विचारतो: "पब्लिक किती?" नोंदणी झालेली मुलं माहीत असतात, मार्गदर्शक शिक्षक माहीत असतात. पण उपकरणाबरोबर टेम्पोतून येणारे पालक, टेम्पोवाला, टेम्पोवाल्याचा मेहुणा, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या मागे असलेली आणि कोणाची आहेत हे कोणालाच ठाऊक नसलेली माणसं, यांचं गणित कुठल्याही नमुना अर्जात बसत नाही. शेवटी आचारी स्वतःच एक आकडा सांगतो आणि तो बरोबर निघतो. प्रदर्शनातला सगळ्यात अचूक अंदाज मसालेभाताचा असतो.

उद्घाटनाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. विज्ञान दिंडी निघते, पालखीत पुस्तकं असतात, शाल आणि श्रीफळ असतं, आणि प्रमुख पाहुणे 'मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नाही' असं म्हणून पाऊण तास विज्ञानावर बोलतात. एवढ्या वेळात हॉलमध्ये मुलं आपापल्या टेबलाशी ताठ उभी राहून पायांवरचा भार बदलत असतात.

खरं प्रदर्शन त्यानंतर सुरू होतं.

प्राथमिक गटात ज्वालामुखीला मरण नाही. मातीचा शंकू, आत बाटली, बाटलीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. व्हिनेगर मिळालं नाही तर लिंबू. लाल रंग घातला की लाव्हा, भांडी घासायचं लिक्विड घातलं की जास्त लाव्हा. आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस वर येतो. रसायनशास्त्राचा प्रयोग म्हणून यात खोट नाही. भूगोल मात्र वेगळंच सांगतो. ज्या हॉलमध्ये हे टेबल मांडलेलं असतं, त्याच्या जोत्याचा काळा दगड हाच मुळात लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचंच दख्खनचं पठार झालं. आजही त्याचं क्षेत्र पाचेक लाख चौरस किलोमीटर भरतं आणि वेरूळचं कैलास लेणं त्याच खडकात कोरलेलं आहे. शंकूच्या टोकातून कारंजं उडालं, असा देखावा इथे क्वचितच झाला असेल. पण भेग टेबलावर मांडली तर बघायला कोण येणार? परीक्षकांनी एका चिमुरड्याला विचारलं, "भारतात जागृत ज्वालामुखी कुठे आहे?" उत्तर अंदमानातलं बॅरन बेट असं आहे. तो म्हणाला, "इथेच, सर. हात लावू नका."

जेसीबीकडे वळू. हे उपकरण पास्कलच्या नियमावर चालतं, हे सांगताना मुलं 'पास्कल'वर असा जोर देतात की तो फ्रेंच गणिती शेजारच्याच गावचा वाटावा. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की सलाइनच्या नळीतलं रंगीत पाणी दाब पुढे नेतं आणि दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या बाहेर येतो. तालुक्याच्या मेडिकलवाल्याला त्या आठवड्यात सिरिंज मागणाऱ्या शाळकरी पोरांकडे संशयाने बघायचं नाही, हे अनुभवाने कळलेलं असतं. अडचण एवढीच की तो सगळ्यांना एकाच मापाच्या देतो. दोन्हीकडे दहा मिलीच्याच सिरिंज, म्हणजे जेवढा जोर लावला तेवढाच पलीकडे मिळाला. लहान सिरिंज दाबून मोठी हलवली तर थोड्या जोरात जास्त वजन उचलतं, आणि नियमाची सगळी गंमत तिथेच आहे. तेवढं विचारायला परीक्षकाने तोंड उघडलं, की मुलगा मधेच तुटलेलं भाषण पहिल्यापासून सुरू करतो: "नमस्कार. आमच्या उपकरणाचे नाव आहे..." साहित्य, कृती, तत्त्व, उपयोग, भविष्यातील संधी. त्याला थांबवणं शक्य नसतं. परीक्षकांकडे शंभर उपकरणांना मिळून तीन तास असतात, म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. भाषण मात्र चार मिनिटांचं पाठ करून घेतलेलं असतं.

माध्यमिक गटात दबदबा स्मार्ट कचराकुंडीचा. झाकणावर दोन गोल डोळ्यांसारखा सेन्सर. एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून दुसऱ्या डोळ्यात परततो. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यावरून अंतर कळतं आणि कोणी जवळ आलं की झाकण उघडतं. जवळ येणाऱ्याच्या हातात कचरा आहे की नाही, हे तिला कळत नाही. प्रमुख पाहुणे हार घालून समोर आले आणि कुंडीने आ वासला. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. तो फोटो अहवालात लावायचा की नाही यावर नंतर स्वतंत्र बैठक झाली.

पलीकडे प्लास्टिकमुक्तीचे तक्ते होते. महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर २०१८ साली निर्बंध आले. ही माहिती थर्माकोलच्या पांढऱ्याशुभ्र शीटवर, प्लास्टिकच्या पारदर्शक वेष्टनात, सुवाच्य अक्षरात दिलेली होती.

सगळ्यात गर्दी होती ती अपारंपरिक ऊर्जेच्या रांगेत. हॉलमध्ये ऊन येत नव्हतं म्हणून सौरचुलीसमोर हजार वॅटचा हॅलोजन लावलेला. वारा नव्हता म्हणून पवनचक्कीसमोर साठ वॅटचा टेबलफॅन. त्यापुढे 'मोफत वीजनिर्मिती': मोटर डायनॅमो फिरवते, डायनॅमो बॅटरी चार्ज करतो, बॅटरी मोटर फिरवते, आणि वर एक बल्बही लागतो. असल्या कायम फिरणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच बंद केलं. जेवढी ऊर्जा घातली त्याहून जास्त बाहेर येत नाही आणि घर्षण आपला वाटा घेतल्याशिवाय राहत नाही. पण हे परिपत्रक बहुधा तालुक्यापर्यंत पोचायचं राहिलं. या मोफत विजेचा निर्माता सकाळी साडेआठलाच संयोजकांकडे आला होता.

"सर, एक्स्टेन्शन बोर्ड मिळेल?"

"अरे, तुझी वीज मोफत ना?"

"हो सर. एकदा सुरू झाली की कायम चालते."

"मग बोर्ड?"

"सुरू करायला, सर."

बोर्ड दिला. त्या रांगेची लाइन सहा अँपिअरची. २३० व्होल्टने गुणलं तर तेराशे ऐंशी वॅट. हॅलोजनचे हजार, पंख्याचे साठ, कोपऱ्यातल्या अंडी उबवणी यंत्रात साठाचे चार बल्ब म्हणजे दोनशे चाळीस. झाले तेराशे. हा हिशोब हॉलमधल्या एकाही विज्ञानशिक्षकाने मांडलेला नव्हता, कारण ते सगळे पाहुण्यांच्या बुफेत गुंतले होते. तेवढ्यात स्वागत समितीच्या एका बाईंच्या लक्षात आलं की बक्षीस समारंभाच्या टेबलक्लॉथला चुण्या आहेत. त्यांनी त्याच बोर्डात इस्त्री लावली.

हॉल अंधारला. पवनचक्की थांबली, सौरचूल विझली, मोफत वीज गेली. कचराकुंडी स्वतःच्या बॅटरीवर असूनही गर्दीत कोणाचा तरी पाय पडून मिटली ती मिटलीच. शिपाईमामा खुर्ची घेऊन बोर्डाकडे धावले. तीन परीक्षक हातात गुणपत्रिका घेऊन काही दिसेल अशी जागा शोधत खिडकीपाशी आले.

तिथे एक टेबल होतं. त्याला वायर नव्हती. फ्लेक्स नव्हता, लाइटिंग नव्हतं. एक लिटरची पाण्याची बाटली, मनगटी घड्याळ आणि एक दोनशेपानी वही. मागे सातवीतली एक मुलगी. तिच्या घरच्या टाकीचा नळ गळत होता आणि तिने त्याखाली ती बाटली ठेवली होती. वहीत पेन्सिलीने आखलेले चार रकाने: तारीख, टाकीत पाणी किती, बाटली कधी लावली, कधी भरली. काही आकडे खोडून पुन्हा लिहिलेले, आणि एका ओळीपुढे 'भावाने बाटली सांडली, धरू नये' असा शेरा.

"रोज किती पाणी वाया जातं?" एका परीक्षकांनी विचारलं.

"बाटली सत्तर मिनिटांत भरली तर साडेवीस लिटर. पण ते टाकी तळाला गेली असली की. टाकी गच्च भरलेली असली की बाटली लवकर भरते."

"का गं?"

ती जरा थांबली. हे तिला पाठ नव्हतं. "पाणी वरपर्यंत असलं की खालच्या पाण्यावर जास्त वजन येतं ना. ते जोरात ढकलतं."

"एका थेंबात किती पाणी असतं?"

"ते मोजलं नाही."

परीक्षक तिच्यापाशी दहा मिनिटं उभे होते. वीज आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अजून अर्धा हॉल बाकी आहे.

निकालाच्या खोलीत भोजन समितीला प्रवेश होता, कारण चहा न्यायचा होता. एनसीईआरटीच्या निकषांप्रमाणे शंभरातले सर्वाधिक २० गुण मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला असतात. नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी १५, कमी खर्च आणि टिकाऊपणाला १०, मांडणीला १०. कागद फार शहाणा आहे. एक परीक्षक म्हणाले, "पण यात उपकरण कुठे आहे? बाटली तर दुकानातली." दुसरे म्हणाले, "वही तिची आहे." तिसऱ्यांना साडेपाचची एसटी होती. पहिला क्रमांक कचराकुंडीला गेला. कारागिरी खरोखरच देखणी होती, आणि ती कोणाची यावर कोणी बोललं नाही. वहीला उत्तेजनार्थ मिळालं. तो निकाल चुकीचा होता असं भोजन समितीचं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे, पण तिला मताचा अधिकार नव्हता.

तालुक्याची प्रदर्शनं साधारणपणे दिवाळीनंतर, हिवाळ्यात भरतात. तिकीट नसतं. वाचकांनी जमलं तर उद्घाटन चुकवून दुसऱ्या दिवशी दुपारी जावं. पाठ केलेलं भाषण शांतपणे ऐकून घ्यावं आणि मग मुलाला विचारावं, पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा काय बिघडलं होतं? ज्याला सांगता येईल त्याच्या टेबलाशी थोडं जास्त थांबावं. आणि पालक असाल तर कृपा करून आदल्या रात्री थर्माकोल कापायला बसू नका. परीक्षकांना ते पहिल्या मिनिटातच कळतं, फक्त ते तोंडावर सांगत नाहीत.