पळणे तर सोडाच

इंग्रजी गद्यात एखाद्या विधानाला वजन आणण्यासाठी जी आयुधे योजिली जातात, त्यांत 'लेट अलोन' या दोन शब्दांइतके निरुपद्रवी दिसणारे आणि वापरणाऱ्यावरच उलटणारे दुसरे आयुध माझ्या पाहण्यात नाही. 'लिटरली' लिहिणारा मनुष्य फार तर अतिशयोक्तीच्या आरोपास पात्र होतो. 'नीडलेस टु से' लिहिणाऱ्याला 'मग सांगता कशाला' एवढे विचारून सोडून देता येते. परंतु 'लेट अलोन'ची दोन टोके उलटसुलट बसवणारा इसम आपल्याच तक्रारीविरुद्ध लेखी साक्ष देतो आणि वर आपण जोरकस लिहिल्याच्या समाधानात खाली सही ठोकतो.

वास्तविक नियम फार मोठा नाही. आधी नकार हवा, मग तो 'नॉट'चा रोखठोक नकार असो की 'हार्डली'चा दबक्या आवाजातला असो. त्यानंतर कुणालाही जमावी अशी किरकोळ गोष्ट, मग हे दोन शब्द, आणि सर्वांत शेवटी ती अवघड गोष्ट. 'ही कान्ट वॉक, लेट अलोन रन.' ज्याला चालवत नाही त्याच्या पळण्याची वार्ता कशाला? आपल्या शास्त्रीमंडळींनी या युक्तिवादाला 'कैमुतिकन्याय' असे भारदस्त नाव देऊन तो केव्हाच दफ्तरी दाखल करून ठेवला आहे. त्याचाच सख्खा भाऊ दंडापूपन्याय. कुणा गृहस्थाने काठीला अपूप, म्हणजे आपल्या घारग्यांच्या जातीतला पदार्थ, बांधून ठेवले आणि मागाहून खबर आली की उंदराने काठीच खाल्ली. आता अपूपांचे काय झाले याचा पंचनामा करण्याचे प्रयोजन उरत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातले 'किं पुनः' याच घराण्यातले. तात्पर्य, संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषा पुरावा आधी मांडतात आणि निष्कर्ष मागून ओवाळून टाकतात.

मराठी माणसाची पंचाईत होते ती इथे. आपण म्हणतो, 'पळणे तर सोडाच, त्याला चालताही येत नाही.' मोठी गोष्ट आरंभीच उचलून बाजूला फेकायची आणि मग त्या 'ही' अव्ययाच्या टोकाने लहान गोष्टीवर नेमका घाव घालायचा, ही आपली रीत. आणि ती उत्तम आहे. परंतु तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पोसलेल्या पिढीने हे वाक्य मनात धरून शब्दामागून शब्द इंग्रजीत उतरवायला घेतले की पळणे पहिल्याने बाहेर पडते, चालणे मागे राहते, आणि कागदावर उमटते, 'ही कान्ट रन, लेट अलोन वॉक.' वाचणाऱ्या साहेबाची समजूत अशी होते की या देशात पळणे ही बालक्रीडा असून चालणे मात्र तपश्चर्येवाचून साध्य होत नाही. 'चालता येत नाही, मग पळणे कुठले' अशी इंग्रजीच्या अंगाने जाणारी रचना मराठीत आहे, नाही असे नाही; पण संतापलेल्या मराठी माणसाच्या तोंडी 'सोडाच' हेच प्रथम येते, आणि इंग्रजी अर्ज लिहिण्याची उबळ आपल्याला संतापल्यावाचून येत नाही.

आमच्या वाड्यात एक निवृत्त अव्वल कारकून राहत असत. सारा वाडा त्यांना अण्णा म्हणे. उभी हयात मसुदे करण्यात गेल्यामुळे वाड्यातील समस्त तक्रारींचे इंग्रजीकरण हा त्यांचा वहिवाटीचा हक्क होऊन बसला होता. एका उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली, तेव्हा अण्णांनी टाकाला नवी निब बसवून पाणीखात्याला जो अर्ज लिहिला, त्याचा गाभा असा होता: 'देअर इज नॉट इनफ वॉटर टु बेद, लेट अलोन ड्रिंक.' अंघोळीपुरते पाणी नाही, पिण्याची तर गोष्टच सोडा. वाड्याने तो अर्ज ऐकला, माना डोलावल्या, आणि 'काय जबरदस्त लिहिलंय' असा निर्वाळा दिला.

पंधरवड्याने बगलेत नोंदवही घेतलेला एक तरुण निरीक्षक आला. तो दुर्दैवाने इंग्रजी चांगले शिकलेला होता.

"अण्णासाहेब, अर्जावरून असं दिसतं की आपल्याकडे अंघोळीपेक्षा पिण्याला जास्त पाणी लागतं," तो अत्यंत अदबीने म्हणाला. "माणशी साधारण किती पिता? म्हणजे तशी नोंद करतो."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. जिन्यावर उभ्या असलेल्या जोशीकाकूंनी मात्र प्रश्न शब्दशः घेऊन, "आमचे हे तांब्याभर पितात हो, जेवताना धरून," असा जबाब दिला आणि तो बहुधा नोंदलाही गेला. वस्तुतः अण्णांचे म्हणणे खरे होते. पाणी नव्हतेच. परंतु खात्याला तक्रार फेटाळण्यासाठी जे निमित्त शोधावे लागले असते, ते अण्णांनी स्वच्छ अक्षरात, नक्कलेसह, आपण होऊन सादर केले होते.

या दोन शब्दांचे गूढ एकट्या अण्णांनाच भोवले असे समजू नये. फाउलरसाहेबाने १९२६ च्या आपल्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' या जाडजूड कोशात यांच्या 'मच लेस' नावाच्या भावंडाची हजेरी घेतली आहे, आणि तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत ते जन्माने इंग्रज असलेले लेखक. 'चालणे अशक्य आहे, मच लेस पळणे' असे ते लिहून जातात. आता 'अशक्य'च्या मागे 'त्याहूनही कमी' जोडले की पळणे हे कमी अशक्य, म्हणजे चालण्याहून थोडे सोपेच ठरते, याचा त्या बिचाऱ्यांना पत्ता नसतो. पुढे १९८८ साली फिलमोर, के आणि ओकॉनर या तीन अमेरिकन विद्वानांनी 'लँग्वेज' या त्रैमासिकात केवळ 'लेट अलोन'वर ३८ पृष्ठांचा प्रबंध लिहिला. दोन शब्दांना अडतीस पृष्ठे! आमच्या अण्णांनी संपूर्ण पेन्शनप्रकरण नऊ पानांत बसवले होते. पण प्रबंध पोकळ नाही; भाषाशास्त्राची एक नवी शाखा त्यातून फुटली. विद्वानांचे म्हणणे असे की हे दोन शब्द वापरताना लिहिणाऱ्याच्या मनात एक चढती श्रेणी असते आणि ती वाचणाऱ्याच्या मनातही तशीच असावी लागते. चालण्याहून पळणे कठीण, हे दोघांना मान्य हवे. श्रेणी जुळली नाही की व्याकरण कितीही निर्दोष असो, वाक्य लंगडते.

हे वाचल्यावर मी अण्णांचे शिक्षण हाती घेतले, कारण त्यांच्या थकबाकीचा पुढला अर्ज तयार होत होता. त्यात वाक्य होते, 'आय कुड नॉट मीट द साहेब, लेट अलोन द हेडक्लार्क.' साहेब भेटले नाहीत, हेडक्लार्क तर सोडाच. मी तांबड्या पेन्सिलीने दोघांच्या जागा बदलल्या आणि अमेरिकन पुराव्यासह समजावले, की अण्णा, हेडक्लार्क खालचा, साहेब वरचा. सोपा आधी, अवघड नंतर.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब अवघड, हे तुला कोणी सांगितलं? साहेबांचं दार सताड उघडं असतं. चिठ्ठी पाठवली की बोलावतात, चहा पाजतात, 'बघतो' म्हणतात. या खेपेला ते दौऱ्यावर होते म्हणून चुकले. पण ज्याच्या कपाटात माझी फाइल आहे, तो हेडक्लार्क गेल्या दिवाळीपासून कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. खुर्चीवर कोट असतो. पट्टेवाला म्हणतो, आत्ताच होते."

मी पेन्सिलीच्या खुणा रबराने खोडल्या आणि मसुदा होता तसा त्यांच्या हाती परत दिला. 'लेट'च्या आधीचा स्वल्पविराम जरा पुसट होता, तेवढा गडद केला.