कोलनवॉटरचे नवे बारसे

स्त्री आणि पुरुष या उभय वर्गांना एकच सुगंध चालू शकतो, हा शोध न्यूयॉर्कच्या केल्विन क्लाइन नामक पेढीने १९९४ साली ‘सीके वन’ची साधीसुधी बाटली बाजारात आणून लावला, अशी जी दवंडी आजतागायत पिटली जाते, ती ऐकून जर्मनीतील कोलोन शहरी १७०९ पासून हाच व्यापार करणारे फरीना घराणे मनातल्या मनात किती हसत असेल कोण जाणे! बर्गामोट, लिंबू, संत्रे आणि नारिंगाच्या फुलांचे नेरोली तेल यांचे मद्यार्कातले ते मिश्रण साक्षात नेपोलियन बादशहा मुबलक वापरीत असे, आणि त्यायोगे त्याच्या मर्दुमकीस बाध आल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आमच्याकडे तर त्याच कोलनवॉटरच्या पट्ट्या तापकऱ्याच्या कपाळावर ठेवताना, कपाळ काकांचे की काकूंचे, अशी पृच्छा करण्याची बुद्धी कोणासही झाली नाही.

आता उन्हाळा लागताच हाच माल ‘सर्वांसाठी’ म्हणून माफक दरात पुकारला जातो. लिंबूवर्गीय तेले मुळातच उडून जाणारी. त्यामुळे सकाळी घराबाहेर पडताना मानेवर शिंपडलेला हा समभाव कचेरीचा जिना चढेपर्यंत पुष्कळसा हवेत विरलेला असतो, आणि माफक दराची बाटली दुपारी पुन्हा पिशवीतून बाहेर काढावी लागते. दुकानदार यालाच ‘हलका सुगंध’ म्हणतात, आणि ‘त्याचा’ व ‘तिचा’ या दोन्ही फळ्या तशाच राखून मध्ये तिसरी फळी ठोकतात.