बाऊल उचला, ताटल्या मांडा

पुण्या-मुंबईत मेडिटरेनियन जेवणाची साधी, खिशाला परवडणारी हॉटेलं निघाली, याचा मला आनंद आहे. राग आहे तो बाऊलचा. चौघांचं कुटुंब येतं, चार मेनूकार्डं हातात पडतात, चार बाऊल येतात. प्रत्येकात थोडा हमस, दोन-तीन फलाफल, वर कोशिंबीर. चौघं आपापल्या बाऊलमध्ये मान घालून जेवतात. मग एकत्र आलात कशाला?

लेबनॉनमध्ये झाहले नावाचं शहर आहे. तिथे बरदौनी नदीकाठच्या हॉटेलांत मेझ्झे मागवला की टेबल दिसेनासं होतं. हमस, मुतब्बल, लबने, तब्बूले, फत्तूश, लोणची, सगळं लहान ताटल्यांत आणि सगळं मधोमध. पिटाचा तुकडा मोडायचा, हात लांबवायचा, समोरच्याकडची ताटली मागायची. मागताना बोलावंच लागतं. ग्रीसमधल्या तावेर्नातही आजोबांपासून नातवापर्यंत सगळे मधल्याच ताटल्यांतून घेतात, आणि रात्र चढली तरी कुणी उठत नाही.

युनेस्कोने २०१० साली स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्कोची मेडिटरेनियन आहारपरंपरा सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. २०१३ मध्ये सायप्रस, क्रोएशिया, पोर्तुगाल आले. त्या नोंदीत एकत्र जेवणं हा या परंपरेचा पाया मानला आहे. आपण ऑलिव्ह तेल उचललं आणि पाया तिथेच सोडला.

‘हेल्दी’ हा शब्द तर मेनूकार्डाच्या पानोपानी. या आहाराला ती ओळख मिळाली ॲन्सेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासातून; तो १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातले क्रीट बेटावरचे शेतकरी पाव, कडधान्यं, पालेभाज्या, फळं खात, मांस क्वचित, आणि दिवसभर शेतात राबत. तळलेल्या फलाफलवर मेयोनीजची धार सोडणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती आजीला ‘तुला नाही आवडणार यातलं काही’ असं परस्पर सांगून तिच्यासाठी टोमॅटो सूप मागवणाऱ्यांची. अहो, यात असतं काय, तर तीळ वाटून केलेली ताहिनी, भाजलेलं वांगं, फडक्यात बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, काबुली चणे, गव्हाचा दलिया, लसूण, लिंबू, डाळिंबाचे दाणे! त्या टेबलावर हे सगळं आपल्या हाताने ज्याने निवडलं, भाजलं, वाटलं असं माणूस ती एकटीच असते. वांगं जाळावर भाजलंय की ओव्हनमध्ये, हे ती पहिल्या घासाला सांगेल. तिला आधी विचारा. नातवंडांना बटाट्याचे तळलेले काप मागवून गप्प बसवण्यापेक्षा तिच्या शेजारी बसवा, ती त्यांना वांगं खायला लावेल.

चौघांना पाच-सहा लहान पदार्थ पुरतात. भाजलेलं मांस किंवा पनीर नंतर, भूक उरली तर. हॉटेलवाल्यांनी एवढंच करावं: बाऊल आत ठेवावेत, चार रिकाम्या ताटल्या द्याव्यात, पदार्थ मधे मांडावेत. आणि हमसबरोबर दोनच पिटा देऊन तिसऱ्याचे वेगळे पैसे लावणं बंद करावं. पिटा आधी संपतो आणि हमस उरतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं.